टेक्सासच्या शेवटच्या राष्ट्राध्यक्षाच्या मागावर पाच दिवस

लेकीकडे ह्यूस्टनला ही आमची तिसरी खेप. नासा बघून झालं होतं, गॅल्व्हेस्टनच्या समुद्रात पाय बुडवून झाले होते. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी डाउनटाउनमध्ये चालताना टेक्सास अॅव्हेन्यू आणि मेन स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या राइस नावाच्या जुन्या उंच इमारतीपाशी थांबलो. जावई म्हणाला, "आई, ही जागा एकेकाळी एका देशाची संसद होती." टेक्सास हा १८३६ ते १८४६ अशी दहा वर्षं स्वतंत्र देश होता, एवढं मला ऐकून ठाऊक होतं. त्या देशाचा शेवटचा राष्ट्राध्यक्ष डॉक्टर होता, हे मात्र त्याच दिवशी कळलं. नाव ॲन्सन जोन्स. याच जागेवरच्या जुन्या संसदभवनात त्याचं राजकारण सुरू झालं आणि त्याच जुन्या इमारतीत, पुढे तिचं हॉटेल झाल्यावर, त्यानं आपलं आयुष्य संपवलं.

मी फलटणला चौतीस वर्षं दवाखाना चालवला. गेल्या वर्षी पाटी उतरवली. त्या रात्री मला झोप आली नाही. लेकीला म्हटलं, या वेळची सुट्टी या माणसाच्या गावांना देऊ या. नातवाची शाळेची स्प्रिंग ब्रेकची सुट्टी होतीच.

दिवस पहिला : ब्रझोरिया

सकाळी सातला निघालो. ह्यूस्टनहून दक्षिणेला तासाभराहून थोडी जास्त वाट. शहर संपलं की जमीन एकदम सपाट होते, आभाळ खाली आल्यासारखं वाटतं आणि दमट हवा काचेवर बसते. ओकच्या फांद्यांवरून राखाडी दाढीसारखं स्पॅनिश मॉस लोंबत असतं. नातवाला ती झाडं म्हातारी वाटली.

जोन्स इथे ऑक्टोबर १८३३ मध्ये उतरला तेव्हा पस्तीस वर्षांचा होता आणि सगळीकडून हरलेला होता. जन्म १७९८ चा, मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रेट बॅरिंग्टनचा. घरातलं तेरावं लेकरू. त्याला छापखान्यात काम शिकायचं होतं, घरच्यांनी वैद्यकी शिकायला लावलं. १८२० मध्ये न्यूयॉर्क राज्यात परवाना मिळाला, पण दवाखाना चालला नाही. औषधांचं दुकान टाकलं, तेही बुडालं. पश्चिमेकडे निघाला तर फिलाडेल्फियात घेणेकऱ्यानं कायद्यानं अडवून धरलं. तिथे शाळेत शिकवलं, मग व्हेनेझुएलात दोन वर्षं काढली, परत येऊन १८२७ मध्ये जेफरसन मेडिकल कॉलेजची एम. डी. घेतली. तरीही बस्तान बसलं नाही. न्यू ऑर्लिन्सला जाऊन डॉक्टरकी सोडली आणि दलालीचा धंदा धरला. तिथे कॉलरा आणि पीतज्वराच्या साथी पाहिल्या, आणि डोक्यावर कर्ज घेऊन टेक्सासला आला, तेव्हा टेक्सास मेक्सिकोचा भाग होता. ब्रझोरियातूनही तो परतणार होता. गावकऱ्यांनीच धरून ठेवलं : डॉक्टर, थोडे दिवस राहून तर बघा.

राहिला, आणि थोड्याच काळात वर्षाला ५,००० डॉलरची प्रॅक्टिस उभी राहिली. नदीकाठचं दलदलीचं गाव, डास, हिवताप. त्या काळच्या डॉक्टरच्या पेटीत कुनैन, पाऱ्याचं कॅलोमेल आणि रक्त काढायची सुरी यापलीकडे फार काही नसे. तेवढ्यावर घोड्यावरून मैल मैल फिरायचं. माझ्या सुरुवातीच्या काळात स्कूटरवरून वाडीवस्तीवर बाळंतपणाला गेलेल्या रात्री आठवल्या. गावाला गरज असली की डॉक्टरला आपण कोण आहोत हे विचारावं लागत नाही. माझा समज असा झाला, आणि पाच दिवसांत तो पक्काच होत गेला, की या माणसाची सुखाची वर्षं हीच.

ब्रझोरियात आता फार काही उरलेलं नाही. एका शांत गल्लीत मेसॉनिक ओक म्हणून लाइव्ह ओकचं झाड आहे, त्याच्याखाली मार्च १८३५ मध्ये जोन्ससह सहा जणांनी टेक्सासच्या पहिल्या मेसॉनिक लॉजचा, म्हणजे फ्रीमेसन या बंधुसंघाच्या शाखेचा, घाट घातला. मेक्सिकन सरकारला अशा बैठका खपत नसत, म्हणून सगळं गुपचूप. झाडाच्या खोडावर हात ठेवून उभी होते तर समोरच्या घरातले एक आजोबा फाटकाशी आले. आम्ही कुठले, कशाला आलो, विचारलं. भारतातून कोणी या झाडासाठी येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. आत जाऊन थंड पाण्याच्या बाटल्या घेऊन आले आणि म्हणाले, माझ्या लहानपणापासून हे झाड एवढंच आहे.

जेवण झाडाखालीच : घरून नेलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दही. परतीच्या वाटेवर वेस्ट कोलंबियाला टेक्सासच्या पहिल्या राजधानीच्या लाकडी इमारतीची प्रतिकृती पाहिली. दहा मिनिटं पुरतात.

या भागात जाणार असाल तर डासांसाठी मलम आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच. गवतात बसण्याआधी नीट बघा. फायर अँट नावाच्या लाल मुंग्यांची वारुळं मातीच्या ढिगासारखी दिसतात, आणि त्या चावल्या की पुढचे दोन दिवस पुरळ जात नाही. नातवाच्या घोट्यावर प्रसाद मिळालाच.

दिवस दुसरा : सॅन जासिंटो

हा दिवस छोटा. टेक्सासचं स्वातंत्र्य ठरवणारी लढाई २१ एप्रिल १८३६ ला इथे झाली आणि अवघी अठरा मिनिटं चालली. आज त्या माळावर ५६७ फुटी स्मारकस्तंभ आहे, टोकावर तारा. लिफ्टनं वर गेलं की एका बाजूला दलदल आणि बगळे, दुसऱ्या बाजूला क्षितिजापर्यंत तेलशुद्धीकरणाचे कारखाने.

जोन्स साधा शिपाई म्हणून भरती झाला होता. लष्कराला डॉक्टर हवा होता, तेव्हा दुसऱ्या रेजिमेंटचा सर्जन म्हणून त्यानं काम केलं, पण शिपायाचा दर्जा सोडला नाही. लॉजची सनद खोगिराच्या पिशवीत घेऊन तो या माळावर आला होता. लढाईनंतर मेक्सिकन कर्नल अल्मोन्तेची रोजनिशी त्याच्या हाती लागली आणि त्यानं ती न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्राकडे छापायला पाठवली. कागद जपायचा, जगापुढे ठेवायचा हा त्याचा स्वभाव मला इथे पहिल्यांदा दिसला. शेवटी शेवटी त्याच कागदांनी त्याला घेरलं.

टेक्सासच्या बाजूचे मेलेले नऊ आणि मेक्सिकोचे सहाशेहून जास्त, हा आकडा वाचताना मात्र मान खाली गेली. लढाई अठरा मिनिटांची, कत्तल त्यानंतर बराच वेळ चालू होती. त्या संध्याकाळी जखमींमध्ये फिरणाऱ्या सर्जनानं काय काय पाहिलं असेल!

येताना लिंचबर्ग फेरीनं खाडी ओलांडा. गाडीसकट होडीत चढायचं, पैसे लागत नाहीत, पाच-दहा मिनिटांचा प्रवास. आमच्या नातवाच्या मते हीच सहलीतली सर्वांत भारी गोष्ट.

दिवस तिसरा : वॉशिंग्टन-ऑन-द-ब्रॅझस

ह्यूस्टनहून वायव्येला दीड तास. सपाटी संपून जमीन हलके हलके उलगडायला लागते आणि मार्च असल्यामुळे रस्त्याच्या दोन्ही कडांना निळ्या ब्लूबॉनेटची फुलं. कासच्या पठारावर सप्टेंबरात जसा जीव हरखतो तसंच झालं. लोक गाड्या थांबवून मुलांना फुलांत बसवून फोटो काढत होते. तो इथला दरवर्षीचा रिवाज आहे म्हणे.

वाटेत एका बेकरीत कोलाचे खाल्ले. चेक लोकांनी आणलेला हा मऊ, किंचित गोड पाव. मधल्या खळग्यात जर्दाळू, खसखस किंवा चीज. सॉसेज घातलेल्यालाही टेक्सासात सगळे कोलाचेच म्हणतात, पण काउंटरवरच्या बाईंनी आग्रहानं सांगितलं की ते क्लोबासनिक. खसखशीचा कोलाचे खाताना अनारशाची आठवण आली. सहा बांधून घेतले.

सकाळी स्वेटर गाडीतच राहिले होते, इतकं ऊन. दुपारी बाराच्या सुमाराला उत्तरेकडून काळी रेघ दिसली आणि अर्ध्या तासात वारा असा फिरला की दात वाजायला लागले. याला इथे नॉर्दर म्हणतात. नेमकं त्याच वेळी आम्ही इंडिपेंडन्स हॉलमध्ये उभे होतो. ही मूळ इमारतीची प्रतिकृती. मूळ इमारत अर्धवट बांधलेली होती, खिडक्यांना तावदानं नव्हती, नुसतं सुती कापड ताणलेलं. १ मार्च १८३६ ला प्रतिनिधी जमले तेव्हाही असाच नॉर्दर सुटला होता आणि कुडकुडत त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर केला. आम्ही पदर कानाला गुंडाळून बाकावर बसलो. फळ्यांच्या फटींतून वारा शिट्टी घालत होता.

तिथून जवळच बॅरिंग्टन फार्म. राष्ट्राध्यक्षपदाच्या काळात टेक्सासची राजधानी याच वॉशिंग्टनला होती, म्हणून जोन्सनं या परिसरात शेत करून घर बांधलं आणि आपल्या जन्मगावाचं नाव दिलं. घर मूळचंच आहे, १९३६ मध्ये या परिसरात हलवून आणलेलं. पांढरं, लाकडी, पुढे ओसरी. एखाद्या देशाच्या प्रमुखाचं घर म्हणावं असं त्यात काही नाही; आमच्याकडच्या तालेवार शेतकऱ्याचा वाडा याहून मोठा असतो. अंगणात कोंबड्या, डुकरांचं कुंपण, धुरी देऊन मांस टिकवायची खोली, कापसाची कोठी. जुन्या पद्धतीचे कपडे घातलेली माणसं खरंच शेत करत होती. बैलजोडी पाहून नातू धावला. गाडीवान त्याला म्हणाला, नाव घेऊन हाक मार, मग वळतील. आणि खरंच वळले.

घरामागे थोड्या अंतरावर गुलामांच्या झोपड्या, पुन्हा उभारलेल्या. एक खोली, एक चूल, मातीची जमीन. इथला कापूस आणि मका त्यांच्या हातांनी पिकत होता. जोन्स बाहेर संकटात धावणारा डॉक्टर होता आणि घरी माणसं विकत घेऊन राबवत होता. मला या दोन गोष्टी एकमेकींवर ठेवून फिट्टंफाट करता येत नाहीत, आणि तशी करूही नये असं वाटतं. झोपडीत चुलीपाशी एक वयस्कर मार्गदर्शक बाई मक्याची भाकरी तव्यावर भाजत होत्या. राख, लोखंडी तवा, भाजल्याचा वास. त्यांनी तुकडा मोडून दिला. म्हणाल्या, लोक घर बघून निघून जातात, इथपर्यंत येत नाहीत. आम्ही तासभर तिथेच थांबलो.

त्यांच्याकडूनच घराची हकीकत ऐकली. १८४० मध्ये जोन्सनं मेरी मॅक्रोरी या तरुण विधवेशी लग्न केलं. थोरल्या मुलाचं नाव ठेवलं सॅम्युअल ह्यूस्टन, तेव्हाचा दोस्त आणि नेता सॅम ह्यूस्टन याच्यावरून. दोघांचं बिनसल्यावर मुलाचं नाव बदलून सॅम्युअल एडवर्ड केलं! दुसऱ्या मुलाचं नाव चार्ल्स एलियट, हे टेक्सासमधल्या ब्रिटिश सरकारच्या प्रतिनिधीचं नाव. हा एलियट म्हणजे अफूच्या युद्धात हाँगकाँग घेणारा कॅप्टन. ब्रिटिशांना टेक्सास अमेरिकेत जायला नको होतं. १८४५ मध्ये त्याच्या खटपटीनं मेक्सिकोनं अट घातली : अमेरिकेत जाऊ नका, तुमचं स्वातंत्र्य मान्य करतो. दुसरीकडून अमेरिकेचा विलीनीकरणाचा प्रस्ताव आलेला. जोन्स कोणालाच मनातलं सांगत नव्हता. लोकांना वाटलं हा फितूर झाला. त्याचे पुतळे जाळले. त्याचं म्हणणं असं की दोन्ही दारं उघडी ठेवून मी जनतेला निवड दिली. जनतेनं अमेरिका निवडली.

मला त्याचं म्हणणं पटतं. निदानाआधी तोंड न उघडणं ही डॉक्टरची सवय. पण रुग्णाचे नातेवाईक बाहेर ताटकळत असताना आपण गप्प राहिलो की ते काय काय समजून घेतात, हेही मी पाहिलं आहे.

मी डॉक्टर आहे हे कळल्यावर त्या बाईंनी विचारलं, "१८४९ मध्ये पडल्यामुळे त्याचा डावा हात कायमचा निकामी झाला, सतत दुखायचा. तुम्ही काय केलं असतं?" मी नसांना इजा, व्यायाम, औषधं असं काहीबाही सांगितलं. उत्तर नीट झालं नाही, हे मलाच जाणवत होतं.

संध्याकाळी इंडिपेंडन्स गावात जुन्या बेलर विद्यापीठाचे चार खांब पाहिले. १ फेब्रुवारी १८४५ ला या विद्यापीठाच्या सनदेवर जोन्सनंच सही केली होती. विद्यापीठ केव्हाच वेकोला गेलं, खांब माळावर उभे आहेत. मुक्काम ब्रेनहॅमला. रात्री ब्रिस्केट खाल्लं. रात्रभर धुरावर ठेवलेलं गोमांस असतं, हे आधी सांगते, म्हणजे न खाणाऱ्यांनी बीन्स, कोलस्लॉ आणि भाजलेला मका मागवावा. आमच्या ह्यांचं तेवढ्यात पोट भरलं. ब्लू बेल आइस्क्रीमचा कारखाना याच गावात, पण जाण्याआधी वार आणि वेळ बघा. फार्मचे वारही आधी बघून घ्या. आणि मार्चमध्ये येणार असाल तर ऊन कितीही असो, स्वेटर गाडीत हवाच.

दिवस चौथा : ऑस्टिन

दोन तासांची वाट. कॅपिटॉलची, म्हणजे विधिमंडळाची, इमारत गुलाबी ग्रॅनाइटची, १८८८ ची. प्रवेश फुकट, माहिती सांगत फिरवणारेही फुकट. घुमटाखाली भिंतीवर गोलाकार तसबिरी आहेत, राष्ट्राध्यक्ष आणि गव्हर्नरांच्या. नवा गव्हर्नर आला की सगळ्यांना एकेक जागा मागे सरकवतात. आमचा जोन्स त्यामुळे पार वरच्या मजल्यावर पोचलाय. मान वर करून शोधला. रुंद कपाळ, मिटलेले ओठ. जावई म्हणाला, "आई, हा तुमच्यासारखा बघतोय. आत बोलवा पुढचा पेशंट, असा."

१९ फेब्रुवारी १८४६ ला ऑस्टिनमध्ये, तेव्हाच्या लाकडी कॅपिटॉलपुढे, जोन्सनं टेक्सासचा ध्वज उतरवला. 'या महान नाट्याचा शेवटचा अंक आता पार पडला आहे. टेक्सासचं प्रजासत्ताक उरलेलं नाही,' असं तो म्हणाला, सत्ता पहिल्या गव्हर्नरच्या हाती दिली आणि शेतावर परतला. वय ४८.

एक गोष्ट खास डॉक्टर वाचकांसाठी. १८३७ मध्ये काँग्रेसमध्ये निवडून गेल्यावर त्यानं वैद्यकीय व्यवसायाचा कायदा आणला. डॉक्टरांची परीक्षा घेऊन परवाना देणारं मंडळ स्थापन करणारा कायदा. ज्याच्याकडे लोक दुसरं कोणी नाही म्हणून येतात, त्याला काहीतरी येत असलं पाहिजे, एवढी साधी मागणी. बोगस डॉक्टरांनी बिघडवलेल्या केसेस निस्तरण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे त्या तसबिरीला मी मनापासून नमस्कार केला.

दिवस पाचवा : पुन्हा ह्यूस्टन

सकाळी राइसच्या कोपऱ्यावर परत गेलो. आता त्या इमारतीत लोकांची घरं आहेत, खाली दुकानं. १८३७ मध्ये इथे टेक्सासची संसद भरत होती आणि जोन्स तिथे पहिल्यांदा निवडून आला होता.

शेतावर गेल्यावर तो वाट बघत राहिला. अमेरिकेच्या सिनेटवर पाठवतील, बोलावणं येईल. १८४६ मध्ये सॅम ह्यूस्टन आणि टॉमस रस्क गेले. अकरा वर्षं तो आपली पत्रं, टिपणं, हिशेब लावत बसला. विलीनीकरणाचं श्रेय ह्यूस्टननं घेतलं, ते माझं होतं, हे सिद्ध करायला. जुलै १८५७ मध्ये रस्कनं आत्महत्या केली. जागा रिकामी झाली, जोन्सला पुन्हा आशा वाटली. विधिमंडळात मतदान झालं तेव्हा त्याला एकही मत पडलं नाही. जानेवारी १८५८ मध्ये तो ह्यूस्टनला आला आणि जुन्या कॅपिटॉलच्याच हॉटेलात उतरला. इथेच सुरुवात झाली, इथेच संपावं, अशा अर्थाचं तो ओळखीच्यांशी बोलत होता. ऐकणाऱ्यांना ते म्हाताऱ्याचं आठवणीत रमणं वाटलं असेल. ९ जानेवारीला तो खोलीत मृत सापडला. साठावा वाढदिवस अकरा दिवसांवर होता. त्यानं लावून ठेवलेले कागद पुढच्या वर्षी पुस्तकरूपानं छापून निघाले.

दुपारी ग्लेनवुड स्मशानभूमीत. ही १८७१ ची, म्हणजे त्याला नंतर इथे आणलं. जुन्या ओकच्या सावल्या, उतार, खाली बफेलो बायू या संथ ओढ्याचं पाणी, आणि झाडांच्या वरून डाउनटाउनच्या इमारती. फाटकावरच्या ऑफिसात विचारलं तर कबरीची जागा नकाशावर खूण करून देतात. पाणी बरोबर ठेवा, चढउतार आहे. मेरीही इथेच आहे. नवऱ्यामागे तिनं बॅरिंग्टन विकलं, मुलं वाढवली, मुलगा चार्ल्स यादवी युद्धात शायलोच्या लढाईत गमावला, आणि १८९१ मध्ये प्रजासत्ताकाच्या लेकींच्या संघटनेची पहिली अध्यक्ष झाली. १९०७ पर्यंत, मरेपर्यंत, ते पद तिच्याकडे होतं. जवळजवळ पन्नास वर्षं ती त्याच्यामागे जगली.

कबरीपाशी आम्ही गवतात बसलो, वारुळं बघून. नातवानं उरलेला जर्दाळूचा कोलाचे काढला, पाच तुकडे केले. मला फार्मवरच्या त्या बाई आठवल्या. लेकीला म्हटलं, त्यांना मी चुकीचं उत्तर दिलं. हात नंतर बघितला असता. आधी त्याला बसवून घेतलं असतं, दार लोटून घेतलं असतं आणि विचारलं असतं, डॉक्टर, रात्री झोप लागते का?

लेक काही बोलली नाही. तिनं फोन काढला आणि फार्मचा पत्ता शोधून त्या बाईंना पत्र लिहायला घेतलं. मी सांगत गेले, ती लिहीत गेली.